भाव पडला तरी

काकू आमच्या ऑफिसात आली तेव्हा आई फोनवर कोणाला तरी झापत होती. काकूला दारात बघून तिचं वाक्य अर्ध्यातच तुटलं. पलीकडचा माणूस 'हॅलो, हॅलो' करत राहिला आणि आई फोन कानाला लावून नुसती बसून राहिली. दोघींपैकी कोणी हलेल असं दिसेना, म्हणून मीच उठले आणि खुर्ची पुढे केली.

काकू म्हणजे बाबांची थोरली भावजय. काका आणि बाबांनी मिळून चुंबकांचा कारखाना काढला होता. काका गेले आणि वर्षभरात एका कारखान्याचे दोन झाले. पाण्याच्या पंपांना लागणारी चुंबकं काकूकडे राहिली, दवाखान्यातल्या यंत्रांना लागणारी आमच्याकडे आली. दवाखान्यांचा धंदा चढता होता आणि पंपवाले भाव पाडून मागण्यात पटाईत. 'धाकटीने मलई काढून नेली,' असं काकू कुठेतरी म्हणाली, ते त्याच संध्याकाळी आईपर्यंत पोचलं. तेव्हापासून दोघी एकाच रस्त्यावर समोरासमोरच्या शेडमध्ये कारखाने चालवत होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या. बाबांना हृदयाचा त्रास सुरू झाल्यावर आमचा कारखाना आईच बघायची. मी तिच्याकडे तपासणी विभागात होते.

"तुझ्याकडे मीठ किती उरलंय?" काकूने बसता बसता विचारलं.

मीठ म्हणजे डिस्प्रोसियम. हा धातू चुंबकात चिमूटभरच पडतो, पण तो नसला तर मोटार तापल्यावर चुंबकाचा जोर उतरतो तो कायमचा. नाव घेताना जीभ अडखळायची, म्हणून काकांनीच त्याचं 'मीठ' करून टाकलं होतं. आम्हा सगळ्या कारखानदारांना ते एकाच देशातून यायचं. त्या देशाच्या सरकारने आता परवान्याशिवाय माल बाहेर सोडायचा नाही असं ठरवलं होतं, आणि परवाना कोणालाच मिळत नव्हता.

"सहा महिन्यांचं आहे," आई म्हणाली.

"खरं सांग."

"चार."

"माझ्याकडे तेवढंही नाही. मंत्रालयाने आपल्याला सगळ्यांना बोलावलंय. जाणार आहेस?"

"जाईन."

"मग माझ्याबरोबर चल. दोन गाड्या कशाला?"

इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर समेटाचं बोलणं झालं ते एवढंच.

मंत्रालयातल्या लांबट खोलीत देशातले झाडून सगळे चुंबकवाले जमले होते. एरवी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारी ही माणसं आता एकमेकांना खुर्च्या देत होती, त्यावरूनच कळत होतं की सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालंय. उपसचिव किडकिडीत, घोगऱ्या आवाजाचे. त्यांनी फार प्रस्तावना केली नाही.

"एका देशात खाण आहे," ते म्हणाले. "शेजारी धातू वेगळा काढायचा कारखाना अर्धा बांधून पडलाय. मागे भाव कोसळला तेव्हा काम थांबलं ते थांबलंच. तो पुरा करायला तिसरा एक देश यंत्रं आणि कर्ज द्यायला तयार आहे, कारण त्यांच्या मोटारींना तुमची चुंबकं लागतात. त्या कर्जाच्या निम्म्याला आपलं सरकार हमी देईल, शिवाय थोडा माल साठ्यासाठी विकत घेईल. तिन्ही सरकारं तयार, खाण कंपनी तयार. अडलंय ते तुमच्यापाशी."

"आम्ही काय करायचं?" कोणीतरी विचारलं.

"सात वर्षं माल घेऊ, असं लिहून द्यायचं. एक किमान भाव ठरेल. बाजार त्याच्या खाली गेला तरी तुम्ही त्याच भावाने घ्यायचं."

आमच्यातला सगळ्यात मोठा कारखानदार उठून उभा राहिला. तो चेअरमन होता फक्त स्वतःच्या कंपनीचा, पण सगळे त्याला चेअरमनसाहेब म्हणायचे. "फार मोठं काम आहे," तो म्हणाला. "देशासाठी आहे. आमचा संपूर्ण पाठिंबा आहे."

"पाठिंबा राहू द्या," मागून काकूचा आवाज आला. "माल किती घेता ते बोला."

सगळे हसले, चेअरमनही हसला, पण आकडा काही बोलला नाही. मग काकूच उभी राहिली. "मला लागतो तेवढा सगळा मी ह्या कराराने घेईन. अट एकच. सगळ्यांनी घ्यायचा." आणि तिने वळून आईकडे पाहिलं.

"विचार करून सांगते," आई म्हणाली. आमच्या घरात ह्याचा अर्थ 'नाही' असाच होतो आणि ते काकूला चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती आमच्या स्वयंपाकघरात हजर झाली. बाबा टेबलाशी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत बसले होते. त्यांनी वहिनीला खुर्ची दिली आणि स्वतः मात्र उठून गेले नाहीत. तमाशा चुकवायची त्यांची इच्छा नव्हती.

आईने तयारीच करून ठेवली होती. "वहिनी, आत्ता सगळे घाबरलेत म्हणून सह्या करतील. उद्या तो देश परवाने खुले करेल, भाव धाडकन खाली येईल. की हे सगळे काढता पाय घेणार. त्यांच्याकडे स्वस्त माल, आपल्याकडे महाग. पहिल्या वर्षातच आपण दोघी बुडू."

"बरोबर आहे तुझं," काकू म्हणाली.

आई खरं तर भांडायला बसली होती.

"तू ह्या घरात आलीस तेव्हापासून प्रत्येक गोष्टीत आधी खोट बघतेस," काकू म्हणाली. "मला त्याचा फार राग यायचा. आता मला तेच पाहिजे. कराराचा मसुदा आणलाय. बस आणि त्यातली एकेक खोट काढ. पळायला जिथे जिथे वाट आहे तिथे तिथे भिंत घाल."

"अरे वा," बाबा कोड्यातून मान वर न काढता म्हणाले. "आमच्या संसारात ह्या गुणाचं चीज कधी झालं नव्हतं."

"तुम्ही कोडं सोडवा," दोघी एकदमच म्हणाल्या.

आईने मसुद्याची चाळण केली. जो मधेच बाहेर पडेल त्याने जबर भरपाई द्यायची आणि त्याला पुन्हा गटात घ्यायचं नाही. त्याचा हिस्सा उरला तर निम्मा बाकीच्यांनी वाटून घ्यायचा, निम्मा सरकारने साठ्यात घ्यायचा. हे शेवटचं ऐकून उपसचिवांनी डोक्याला हात लावला. "वित्त खातं मला उभं करणार नाही," ते म्हणाले. "मग आम्हीही सही करणार नाही," आई म्हणाली. त्यांनी वित्त खात्याकडे खेटे घालून घालून ते कलम मंजूर करून आणलं. तोवर मला वाटायचं की सरकारी माणसं अशा कामात नुसते शिक्के मारतात. ह्या माणसाने मात्र आमच्यासाठी चपला झिजवल्या.

सह्यांच्या आधी खाण बघायला जायचं ठरलं. उपसचिव, काकू, आई आणि धातूची तपासणी कळणारी म्हणून मी. विमानं बदलत, मग जीपमधून धूळ खात आम्ही पोचलो. तिथल्या सरकारच्या खाणखात्याच्या संचालिका गमबूट घालून आमची वाट बघत होत्या. रुंद खांद्यांच्या, कमी बोलणाऱ्या बाई. तिसऱ्या देशाचे अधिकारी आणि खाण कंपनीचा प्रतिनिधी आधीच आले होते. संचालिकाबाईंची भाषा आम्हाला येत नव्हती, त्यामुळे सगळं बोलणं दुभाष्यातून.

त्यांनी आम्हाला कारखान्यात न नेता आधी कामगारांच्या वसाहतीत नेलं. ओळीने बांधलेली घरं होती. एकालाही दार नाही, खिडकी नाही. "लोक गेले तेव्हा दारं घेऊन गेले," त्या म्हणाल्या. "लाकूड विकून गाडीभाडं निघालं. मी इथे शिकाऊ अभियंता होते. त्या कोपऱ्यातल्या घरात राहायचे. तेव्हाही परदेशातून पाहुणे आले होते आणि त्यांनीही सह्या केल्या होत्या." मग त्या थांबल्या. "भाव पडेल. तो पडतोच. तेव्हा तुम्ही काय करणार?"

खाण कंपनीच्या प्रतिनिधीने घसा साफ करून बाजाराच्या अंदाजांबद्दल बोलायला सुरुवात केली. बाईंनी हाताने त्याला थांबवलं. "तुम्हाला नाही विचारलं. ह्या दोघींना विचारलं."

काकू म्हणाली, "भाव पडला की आम्ही रडू. आणि रडत रडत पैसे भरू."

"आणि नाही भरले तर काय करायचं तेही लिहिलंय," आई पुढे सरसावली. "कलम दाखवू का?"

दुभाष्याला आधी हसू फुटलं, मग त्याने भाषांतर केलं. संचालिकाबाई हसल्या नाहीत, पण तिथून पुढे त्या आमच्या बरोबरीने चालायला लागल्या.

खरी अडचण कारखान्याच्या मागे होती. धातू वेगळा काढला की आम्लाचं पाणी आणि गाळ उरतो, आणि त्या गाळात थोडा किरणोत्सर्गही असतो. पूर्वी त्यासाठी जमिनीत नुसताच खड्डा खणला होता. पाणी झिरपत खालच्या ओढ्यात गेलं आणि ओढ्याकाठची गुरं मेली. ओढ्याच्या काठाला अजूनही पिवळट कड दिसत होती. बाईंचं म्हणणं स्पष्ट होतं. आधी तळाला अस्तर घातलेलं नवं तळं, मग कारखाना.

"दोन्ही कामं बरोबरच करता येतील," कंपनीचा प्रतिनिधी म्हणाला. "नाहीतर निम्मं वर्ष वाया जाईल."

"मागच्या वेळीही बरोबरच करणार होते," बाई म्हणाल्या. "कारखाना उभा राहिला, तळं राहून गेलं."

तिसऱ्या देशाच्या अधिकाऱ्यांनी आमच्या उपसचिवांकडे पाहिलं. उपसचिवांनी आमच्याकडे. कारण एवढा उशीर झाला तर सगळ्यात आधी आमच्या भट्ट्या थंडावणार होत्या. काकूने आईला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि आपली भाषा इथे कोणाला कळते अशा थाटात मोठ्यानेच बोलायला लागली. दुभाष्याने सभ्यपणे पाठ फिरवली.

"धाकटे, तेवढे दिवस पुरेल इतकं मीठ आपल्याकडे नाही."

"नाही."

"पण हिचं खरं आहे."

"खरंच आहे. शिवाय तळं फुटलं की कारखाना बंद, आणि कारखाना बंद की आपण बंद."

"म्हणजे तुला खरं वाटतंय ते स्वतःच्या फायद्यासाठी."

"कशासाठी का असेना वहिनी, वाटतंय ना?"

काकूने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि वळून सगळ्यांना सांगितलं, "आधी तळं."

सह्या झाल्या. तीन देशांचे झेंडे लावून मोठा समारंभ झाला, फोटो निघाले. फोटोत चेअरमन मधोमध आहे आणि काकू कडेला अर्धी कापली गेली आहे.

घरी आल्यावर मधल्या काळाचा प्रश्न उभा राहिला. काकूने सगळ्या चुंबकवाल्यांना आपल्या शेडमध्ये बोलावलं आणि सरळ विषयाला हात घातला. प्रत्येकाने आपल्याकडचं मीठ किती ते खरं सांगायचं, सगळ्यांचं एकत्र धरायचं आणि ज्याचं काम अडून चालणार नाही त्याला आधी द्यायचं. पहिल्या फेरीत सगळ्यांनी थापा मारल्या. दुसऱ्या फेरीआधी काकूने स्वतःच्या गोदामाचं दार उघडून पिंपं सगळ्यांसमोर मोजायला लावली, तेव्हा बाकीच्यांनी ओशाळून आकडे दुरुस्त केले. चेअरमनने केले नाहीत. त्याच्याकडे काहीच शिल्लक नाही म्हणे. त्याच्या भट्ट्या तर रात्रंदिवस चालू होत्या.

"दवाखान्याची यंत्रं आधी," काकू म्हणाली. "माझी पिंपं धाकटीकडे जातील."

आई उभीच राहिली. "वहिनी, तुमची भट्टी बंद पडेल."

"पडेल. पंप बिघडला तर जुना दुरुस्त करून चालवतात. तपासणीचं यंत्र बंद पडलं तर आजारी माणसाने कुठे जायचं?"

"आणि तुमची माणसं?"

"तुझ्याकडे येतील. पिंपं फुकट मिळतील असं वाटलं की काय तुला?"

पिंपं रस्ता ओलांडून आमच्याकडे आली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यामागून माणसं आली. आमच्या लोकांनी सुरुवातीला तोंडं वाकडी केली. काकूची माणसं डबा खायला आपल्या बंद शेडमध्ये जायची. मग एका दुपारी आमच्याकडचं घासाईचं यंत्र अडलं आणि काकूच्या एका फिटरने ते चालू करून दिलं. त्या दिवशी आमच्या लोकांनी त्यांना परत जाऊ दिलं नाही. काकू स्वतःही रोज येऊ लागली. तिने न विचारता आमचं स्टोअर नव्याने लावलं आणि आईने ओठ घट्ट मिटून ते सोसलं. नवं लावलेलं जास्त सोयीचं होतं, हे आईने मला खाजगीत सांगितलं आणि काकूला सांगायचं नाही असंही बजावलं.

एकदा निरोप द्यायला मी काकूच्या शेडमध्ये गेले. ती विझलेल्या भट्टीच्या दारावर तळवा टेकवून उभी होती. "इतक्या वर्षांत हिला कधी हात लावता आला नव्हता," ती म्हणाली. मग तिने हात झाडले. "चल. काय निरोप आहे?"

तळं बांधून झालं. बाईंनी आमच्या उपसचिवांना, गळत नाही हे दाखवायला पाण्याने भरलेल्या तळ्याचा फोटो पाठवला, त्यांनी तो सगळ्यांना. मग यंत्रं चढायला लागली. आता माल येणार, अशा बेतात असतानाच त्या जुन्या देशाने परवाने खुले केले.

भाव असा कोसळला की आमच्या किमान भावाच्या निम्म्यावर येऊन थांबला.

चेअरमनने आठवडाभरही वाट पाहिली नाही. भरपाई भरली आणि बाहेर पडला. भरपाई जबर होती, पण स्वस्त मालात त्याची ती वर्षभरात वसूल होणार होती. त्याने काकूला फोन केला. "धंद्यात भावनेला जागा नसते, वहिनी," तो म्हणाला.

"मी तुमची वहिनी कधी झाले?" काकूने विचारलं आणि फोन ठेवला.

त्याच्यामागून आणखी एक जण गेला. बाकीचे कुंपणावर. दिवसभर फोन वाजायचे. काकू एकेकाला भेटायला त्याच्या कारखान्यात जायची, त्याच्या मशिनींमधून हिंडायची आणि विचारायची, "मागच्या वेळी मीठ बंद झालं तेव्हा तुम्हाला झोप लागत होती का?" त्यापलीकडे ती काही समजावत बसायची नाही.

आमच्या ऑफिसात एक व्यापारी आला. गोड बोलणारा. आईला लागणारा माल अगदी तिच्या मोजमापाचा आणि निम्म्या भावात. मीच मनात हिशेब मांडला आणि घ्यावा असं मला वाटलं. काकूला आम्ही वर्षानुवर्षं शिव्या दिल्या होत्या, तिच्यापायी आता बुडायचं का?

आईने त्याला चहा दिला. "हा भाव किती दिवस राहील?"

"आत्ता घ्या ना मॅडम."

"सात वर्षं द्याल ह्या भावाने?"

तो मनापासून हसला. "सात वर्षांचं कोण बोलतं?"

"बोलणारे आहेत," आई म्हणाली. "चहा घ्या, गार होईल."

तो गेल्यावर मी म्हटलं, "आई, पहिल्या वर्षात बुडू, असं तूच म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. म्हणून तर कलमं घातली. आता त्या कलमांना वाऱ्यावर सोडू?" तिने कप उचलले. "आणि दोन शेड चालवणारी बाई माझ्यासाठी आपली भट्टी विझवून बसलीये. तिच्यासमोर रस्ता ओलांडून मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

चेअरमनच्या हिश्श्यातला निम्मा माल आता सरकारने घ्यायचा होता. उपसचिवांचा पडलेल्या आवाजात फोन आला. वित्त खातं हात वर करत होतं. तेव्हा दोघी जावा वित्त सचिवांच्या दारासमोरच्या बाकावर जाऊन बसल्या. भेटीची वेळ मिळेना, म्हणून दुसऱ्या दिवशीही बसल्या. तिसऱ्या देशाच्या वकिलातीतून सचिवांना आठवण करणारा फोन गेला. तिसऱ्या दिवशी संचालिकाबाई विमानतळावरून सरळ तिथेच आल्या आणि त्याच बाकावर तिसऱ्या होऊन बसल्या. दुभाष्या येईपर्यंत तिघी नुसत्याच एकमेकींकडे बघून माना हलवत होत्या.

शेवटी आत बोलावलं. सचिव काही वाईट माणूस नव्हता. "बाजारात निम्म्या किमतीत मिळतंय," तो म्हणाला. "हा लोकांचा पैसा आहे. मी लोकांना काय सांगू?"

त्याचं चुकत नव्हतं, म्हणूनच उत्तर अवघड होतं. काकूने आईकडे पाहिलं.

"साहेब," आई म्हणाली, "निम्म्या किमतीत मिळतंय ते का मिळतंय? खाणीजवळचा तो कारखाना उभा राहतोय म्हणून. तो पडला की हाच भाव पुढच्या वर्षी राहील, असं मला लिहून द्या. मी आत्ता उठून जाते."

सचिवाने टेबलावरच्या पेनाकडे पाहिलं, पण ते उचललं नाही.

संचालिकाबाईंनी एकच गोष्ट सांगितली. "लोक परत आलेत. येताना दारं घेऊन आलेत. मी त्यांना तुमच्या सरकारची सही दाखवली होती."

सगळं काही मिळालं नाही. सरकारने माल घ्यायचं मान्य केलं, पण पैसे तीन वर्षांत विभागून. तोवरचा बोजा आमच्या गटावर. बाहेर आल्यावर आई पायरीवरच थांबली. "हे पेलेल का वहिनी?" तिने विचारलं.

"न पेलून सांगतंय कोणाला," काकू म्हणाली. "माझी मागची शेड विकते. तशीही आता रिकामीच आहे."

तिने ती विकली. कुंपणावरच्या बाकीच्यांनी ते पाहिलं आणि त्यानंतर गटातून कोणीही गेलं नाही.

पहिला माल आला तो बिघडलेला. धातूत प्राणवायू जास्त राहिला होता. मी चुंबकं तापवून जोर मोजला तर निम्म्यावर उतरलेला. मी तसा अहवाल दिला. आईचा चेहरा उतरला. चेअरमनच्या कारखान्यात ही बातमी चवीने चघळली गेली, असं कानावर आलं. दुसरा माल जरा बरा, पण चालण्यासारखा नाही. मग मीच तिकडे गेले. संचालिकाबाईंनी कारखान्यातली माणसं आणि तिसऱ्या देशाचे यंत्रवाले ह्यांना माझ्यासमोर बसवलं. यंत्रवाले म्हणत होते, धातू वितळवणाऱ्यांची चूक आहे. वितळवणारे म्हणत होते, यंत्राचीच झडप गळते. आम्ही झडप उघडून बघितली. झडप गळत होती, आणि वितळवताना घाईही होत होती. दोन्ही दुरुस्त करूनच मी परतले.

तिसऱ्या मालाची चुंबकं भट्टीतून काढली तेव्हा आई माझ्यामागेच उभी होती. तापवली, गार केली, जोर मोजला. खात्रीसाठी दुसरा नग घेतला, मग तिसरा. मी मान हलवली. आई काही न बोलता तशीच बाहेर पडली आणि रस्ता ओलांडून काकूच्या शेडमध्ये गेली. मी मागून धावले.

त्या वर्षी चेअरमनने आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त नफा कमावला, हे सांगायला हवं. आमच्या गटाला जेमतेम खर्च भागवता आला. भाव अजूनही खालीच आहे आणि आम्ही अजूनही जास्त पैसे मोजतो. पण माल थांबलेला नाही, आणि आता तो थांबवणं कोणा एकाच्या हातात नाही. संचालिकाबाईंच्या कारखान्यात दुसरी पाळी सुरू झाली आहे. उपसचिवांची बदली झाली. जाण्याआधी ते आमच्याकडे जेवून गेले आणि बाबांचं अडलेलं कोडं सोडवून गेले.

तिसरा माल तपासला त्या दिवशी मात्र ह्यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं. काकू भट्टीच्या मागे वाकून नळ्या तपासत होती. आईला बघून ती सरळ झाली.

"उतरला?"

"नाही उतरला. पक्का आहे."

काकूने पदराने कपाळ पुसलं. मग तिने फोरमनला हाक मारली. "माझी माणसं उद्या सकाळी इकडे. आधी सील बदला, मग भट्टी हळूहळू चढवा. घाई केलीत तर याद राखा."

"वहिनी," आई म्हणाली, "पुढची पिंपं येतील त्यातली पहिली मला लागतील."

"रांगेत उभी राहा," काकू म्हणाली आणि पुन्हा नळ्यांकडे वाकली.